ग्रँड कॅन्यनमधे उतरून त्याच दिवशी परत वर यायचंय? सातारकरांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या सकाळच्या अजिंक्यताऱ्याच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांची पोरं आता अमेरिकेत आहेत, त्यामुळं फेब्रुवारी-मार्च आला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "तुम्ही जाऊन आलाय ना, तिथं खाली उतरता येतंय का हो एका दिवसात?" मी दोनदा गेलोय. एकदा चुकीचा आणि एकदा नीट. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून सगळे प्रश्न एका जागी लिहून ठेवलेत, ज्याला जे पाहिजे ते वाचा, पण दुसरा प्रश्न कुणी सोडू नका.

हे नक्की कुठं आहे? लास वेगासवरनं बस जाते ती तिथंच जाते का?

अ‍ॅरिझोना राज्यात आहे. कोलोरॅडो नदीनं कोरलेली दरी, लांबी ४४६ किलोमीटर, काही ठिकाणी रुंदी २९ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरच्या वर. १९१९ पासून नॅशनल पार्क आहे. आपण उतरणार ते दक्षिण काठावरनं, त्याला साऊथ रिम म्हणतात. फिनिक्सवरनं गाडीनं साडेतीन-चार तास, फ्लॅगस्टाफवरनं दीड तास, लास वेगासवरनं साडेचार तरी धरा.

आता बसचं. वेगासवरनं स्वस्तात मस्त म्हणून ज्या ट्रिपा विकतात त्यातल्या बऱ्याच ग्रँड कॅन्यन वेस्टला जातात, जिथं तो काचेचा स्कायवॉक आहे २००७ साली झालेला. ती हुआलापाई लोकांची जमीन, नॅशनल पार्कचा भाग नाही, आणि खाली लिहिलेल्या वाटा तिथं नाहीत. आमच्यातले एक जोडपं बूट-काठ्या घेऊन तिथं पोचलं आणि काचेवर उभं राहून फोटो काढून परत आलं. तिकीट काढताना "साऊथ रिम" असे शब्द लिहिलेत का ते बघा.

आम्ही रोज अजिंक्यतारा चढतो, दरवर्षी श्रावणात जरंडेश्वर करतो. आम्हाला काय अवघड जाणार?

हाच प्रश्न मी मला विचारला होता आणि त्याचं उत्तर मला मिळालंय चांगलं.

बघा, आपल्याकडं गड म्हटला की आधी चढ. सकाळी गारव्यात, पोटात चहा, पाय ताजे, तेव्हा आपण चढतो. दम लागला, जमत नाही असं वाटलं की मागं फिरायचं आणि मागं फिरलं की उतारच असतो, घर आपोआप येतं. म्हणजे गड आपल्याला आधी विचारतो आणि मग वर घेतो. कॅन्यनचं सगळं उलटं. आधी उतार, आणि उतारावर सगळ्यांनाच आपण पैलवान आहोत असं वाटतंय. जितकं खाली जाल तितकं गरम होत जातं, साधारण शंभर मीटरला एक डिग्री धरा, आणि जेव्हा पाय थकलेत, बाटली अर्धी झालीय, ऊन डोक्यावर आलंय, तेव्हा चढ सुरू होतो. तो अर्ध्यात सोडता येत नाही कारण घर वर आहे.

मी पहिल्यांदा गेलो ते मे महिन्याच्या शेवटी, भाच्याबरोबर. तो फिनिक्सला असतो. नाश्ता, चहा, फोटो असं करत करत आम्ही साडेनऊला ब्राईट एंजेल वाटेनं उतरायला लागलो. वाट काय, हायवेच म्हणा आपल्या मानानं, रुंद, आखलेली, वासोट्याच्या जंगलातल्या वाटेपुढं तर काहीच नाही. पहिलं निवारा-घर दीड मैलावर आहे, तिथं भाचा म्हणाला, "मामा, इथनं फिरूया." मी म्हणालो, "गप रे, रोज चढतोय मी." आणि तीन मैलांच्या निवाऱ्यापर्यंत गेलो. सव्वा तासात. एकदम खूष.

वर यायला साडेसहा तास लागले.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग डोकं ठणकायला लागलं, मी गटागटा पाणी प्यालो, परत प्यालो, आणि जेवढं पितोय तेवढं मळमळतंय. प्रत्येक वळणावर वाटायचं की आता निवारा दिसेल, आणि वळलं की पुढं परत तसंच वळण. घाम दिसतच नव्हता. आपल्याकडं घाम निथळतो तेव्हा कळतंय तरी की पाणी चाललंय, तिथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर यायच्या आधी उडून जातोय, नुसते शर्टावर मिठाचे पांढरे ओघळ राहतात. दीड मैलाच्या निवाऱ्यात कसाबसा पोचलो आणि बाकावर आडवाच झालो. तिथं पार्कची एक रेंजर बाई होती, तिनं आधी हे विचारलं की तुम्ही काय काय खाल्लंय. काहीच नाही, नुसतं पाणी. तिनं पिशवीतनं खारी बिस्किटं काढून दिली, शर्ट नळाखाली भिजवून परत अंगात घालायला लावला आणि म्हणाली चार वाजेपर्यंत हलायचं नाही. आम्ही हललो नाही. वर पोचलो तेव्हा सहा वाजायला आले होते, आणि भाचा बिचारा एक शब्द बोलला नाही, त्यानंच जास्त लाज वाटली.

मग किती खाली जायचं?

सातारकरांना मीटर सांगून उपयोग नाही म्हणून मी अजिंक्यताऱ्यात सांगतो. शहरातनं गड साधारण तीनशे मीटर उंच धरा, ते झालं एक माप.

ब्राईट एंजेल वाटेवर दीड मैलाचा निवारा म्हणजे एका बाजूनं २.४ किलोमीटर आणि ३४० मीटर उतार, एक अजिंक्यतारा आणि वर थोडं. तीन मैलांचा निवारा ४.८ किलोमीटर, ६४० मीटर, म्हणजे दोन. हवासुपाई गार्डन्स ७.२ किलोमीटर, ९२५ मीटर, म्हणजे तीन, तिथं झरा आहे, कॉटनवुडची मोठी झाडं आहेत, सावली आहे. दुसरी वाट साऊथ कैबाब. तिच्यावर ऊह-आह पॉईंट दीड किलोमीटरच्या आतच येतो, सीडर रिज २.४ किलोमीटरवर साडेतीनशे मीटर खाली, आणि स्केलेटन पॉईंट ४.८ किलोमीटरवर सहाशेच्या वर.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं सीडर रिज किंवा दीड मैलाचा निवारा. बास. ऐकायला कमी वाटतंय मला माहितीय. दोन्हीकडनं पाच किलोमीटरसुद्धा होत नाही. पण दुसऱ्या खेपेला ऑक्टोबरमधे मी आणि बायको सीडर रिजपर्यंतच गेलो, तिथं लाल मातीच्या सपाटीवर बसून अर्धा तास नुसतं बघत होतो, आणि वर आलो तेव्हा जेवणाची भूक होती. पहिल्या खेपेला काय बघितलं विचाराल तर मला स्वतःचे बूट आठवतात.

हिशोब असा ठेवा की उतरायला एक तास लागला तर चढायला दोन. म्हणजे तुमच्याकडं सहा तास असतील तर दोन तास झाले की मागं वळायचं, मग तुम्ही कुठंही असा, पुढच्या वळणावर कितीही भारी दिसत असू द्या. थकल्यावर मागं फिरायचं हा गडावरचा नियम. इथं थकायच्या आधी फिरायचं.

दोन वाटांमधली कुठली चांगली?

नजारा पाहिजे तर साऊथ कैबाब, ती धारेवरनं उतरते, दोन्हीकडं सगळं उघडं. पण पाण्याचा थेंब नाही आणि सावली जवळजवळ नाहीच. ब्राईट एंजेल दरीच्या कुशीतनं जाते, सकाळी बराच वेळ सावली असते, निवारे आहेत, हंगामात नळाला पाणी असतं. उन्हाळ्यात ब्राईट एंजेल, ऑक्टोबरमधे कैबाब, असं माझं मत. कैबाबच्या सुरुवातीला स्वतःची गाडी नेऊ देत नाहीत, फुकट शटल बस आहे, पहाटे हायकर्ससाठी वेगळी बसपण सुटते. तिचं वेळापत्रक महिन्यानुसार बदलतं ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत? आमचा मुलगा म्हणतो त्याचे मित्र करतात.

करत असतील, पंचविशीतले आणि नोव्हेंबरमधे. कैबाबनं वरनं नदीपर्यंत जवळजवळ १,४८० मीटर उतार आहे, म्हणजे पाच अजिंक्यतारे एकावर एक, आणि ते सगळे परतीच्या वेळी चढायचे. पार्कवाले स्वतः बोर्ड लावून सांगतात की रिमवरनं नदी आणि परत असं एका दिवसात करू नका, मे ते सप्टेंबर तर मुळीच नको. दरवर्षी अडीचशेच्या वर लोकांना तिथनं सोडवावं लागतं असं त्यांच्याच बोर्डावर आहे, आणि त्या बोर्डावरचं उलटी करणाऱ्या माणसाचं चित्र चांगलं तरुण, तगड्या पोराचं आहे, म्हाताऱ्याचं नाही.

नदीकाठी जायचंच असेल तर मुक्काम करा. त्याला परमिट लागतं, आणि फँटम रँच म्हणून खाली राहायची सोय आहे तिची लॉटरी पंधरा महिने आधी निघते.

कधी जावं? पोरं मे-जूनमधे बोलावतात.

तिथंच तर घोळ आहे. पोरांच्या सुट्ट्या, ग्रॅज्युएशन, बाळंतपण, सगळं मे-जूनमधे, आणि जून म्हणजे तिथला सगळ्यात कोरडा रखरखीत महिना. वर रिमवर २७-२८ डिग्री, स्वेटर काढावा का ठेवावा असं वाटतंय, आणि त्याच वेळी खाली नदीकाठी चाळिशी पार. जुलैमधे फँटम रँचचं सरासरी कमाल तापमान ४१ च्या आसपास असतं. वरच्या हवेवरनं खालचा अंदाज करायचा नाही एवढं लक्षात ठेवा.

मार्च-एप्रिल-मेची सुरुवात आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे चांगले दिवस. जुलैच्या मध्यापासनं सप्टेंबरपर्यंत त्यांचापण पावसाळा असतो, आपल्यासारखी चार महिने झड नाही, दुपारी एकदम ढग येतात, विजा पडतात, आणि वरच्या अंगाला पाऊस झाला की कोरड्या ओढ्याला क्षणात लोंढा येतो. हिवाळ्यात वाटेच्या वरच्या टप्प्यावर बर्फ घट्ट होऊन काच होते, तेव्हा बुटाला लावायचे खिळ्यांचे पट्टे पाहिजेत.

मे-जूनशिवाय जमतच नसेल तर उजाडता निघा आणि दहाच्या आत वर या.

उजाडता म्हणजे किती वाजता?

जूनमधे तिथं सव्वापाचला उजाडतं. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालायचंच नाही. एक गंमत सांगतो, अ‍ॅरिझोनात घड्याळं उन्हाळ्यात पुढं करत नाहीत, आजूबाजूची राज्यं करतात. त्यामुळं युटाहवरनं उन्हाळ्यात आलात तर एक तासाचा फरक पडतो आणि पहाटेच्या बसला तासभर आधी जाऊन कुडकुडत बसावं लागतं. भारतातनं फोन करणाऱ्यांना मात्र सोपं, वर्षभर साडेबारा तासाचाच फरक.

पाणी किती न्यायचं? वाटेत नळ आहेत असं ऐकलंय.

आहेत, पण भरवशाचे नाहीत. तिथलं सगळं पाणी उत्तर काठाखालच्या एका झऱ्यातनं वीस किलोमीटर लांब पाइपनं दरी ओलांडून येतं, पाइप साठच्या दशकात घातलेली, ती सारखी फुटते. २०२४ च्या ऑगस्टअखेर ती इतक्या ठिकाणी फुटली की साऊथ रिमवरची मुक्कामाची हॉटेलं काही दिवस बंद ठेवावी लागली. थंडीत तर निवाऱ्यातले नळ बंदच असतात. कुठला नळ चालू हे पार्कच्या वेबसाईटवर असतं, तरी नळ नाहीतच असं धरून चाला.

माणशी तीन लिटर कमीत कमी, उन्हाळ्यात चार. तासाला अर्धा ते एक लिटर, घोट घोट. आणि इथंच माझी चूक झाली होती म्हणून परत सांगतो, नुसतं पाणी ढोसायचं नाही. घामातनं मीठ गेलेलं असतं, वर नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम घसरतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायलापण लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं याला ऊन लागलं, अजून पाणी पाजा. पाणी पण आणि मीठ पण, दोन्ही बरोबर. इलेक्ट्रलची पाकिटं इथनं घेऊन जा, वजनाला काही नाहीत.

खायला काय न्यावं?

ह्या बाबतीत आपण अमेरिकनांच्या दहा पावलं पुढं आहोत. खारे शेंगदाणे, सांगलीचं भडंग, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, मिठाची शंकरपाळी. ते लोक पैसे मोजून ज्या खारट-गोड पुड्या घेतात त्यात हेच असतंय. इथनं नेणार असाल तर विमानतळावर फॉर्ममधे खाण्याचं लिहा, लपवू नका. पोळी-भाजीचा डबा उतरताना खाऊ नका, जड होतं. दर अर्ध्या तासानं मूठभर, भूक असो नसो, कारण उन्हात भूक मरते आणि नेमकं तेव्हाच खायला पाहिजे असतं. बायकोनं लिंबाचं लोणचं छोट्या डबीत घेतलं होतं, सीडर रिजवर त्याची एक फोड चोखली, काय सांगू.

केळ्याची सालं, संत्र्याची सालं, सगळं परत वर आणायचं. "ते कुजतंय की" चालत नाही, त्या कोरड्या हवेत साल कुजत नाही, सुकून तशीच राहते.

बूट कुठले? काठी लागते का?

नवे बूट घेऊन जाऊ नका, जे घालून महिनाभर गड चढलाय तेच. फक्त तळ झिजलेला नको, कारण वाटेवर बारीक वाळू-खडी असते आणि घसरतंय. उतारावर पायाची बोटं पुढं दाबली जातात, नखं वाढलेली असली तर काळी पडतात, मग महिना-दोन महिन्यांनी गळून पडतात, माझी दोन पडली. आदल्या रात्री नखं कापा, उतरताना लेस घोट्यापाशी आवळून बांधा. काठ्या दोन घ्या, एक नाही. कैबाबवर लाकडी ओंडके आडवे टाकून पायऱ्या केल्यात, त्यांची उंची सज्जनगडाच्या पायऱ्यांसारखी सारखी नाही, कुठं वीतभर कुठं गुडघ्याला येईल एवढी, गुडघ्यांचा पार भुगा होतो. विमानात काठ्या चेक-इनच्या बॅगेत.

टोपी मोठ्या काठाची, शर्ट सुती आणि पूर्ण बाह्यांचा. ट्रेकिंगचे जाणकार सुती नको म्हणतात, थंडीत ते खरं आहे, पण उन्हाळ्यात तिथं ओला सुती शर्ट म्हणजे चालता-फिरता कूलर.

साताऱ्यात राहून तयारी कशी करायची?

उलटा अजिंक्यतारा करा. गाडी वर दरवाजापाशी लावायची, चालत शहरात उतरायचं, पाच मिनिटं टेकायचं आणि परत वर चढायचं. एकदा केलं की एक माप. दोन आठवडे एक, पुढचे दोन आठवडे दोन, मग एका रविवारी तीन, पाठीला तीन लिटर पाणी लावून. तिसरा चढ दहा-साडेदहाच्या उन्हात येईल असं निघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते. पहिल्या दिवशी आम्हाला उलटं येताना बघून ग्रुपमधले विचारत होते, काय विसरलं का वर?

यवतेश्वरचा घाट पळणाऱ्यांना हे सोपं जाईल असं वाटतं पण जात नाही, त्यांचा चढ आधी असतो. उतरलेल्या पायांनी चढणं ही वेगळी सवय आहे, मांड्या थरथरतात.

अजून एक, रिम स्वतः २,१०० मीटरवर आहे. महाबळेश्वर १,३५० च्या आसपास, म्हणजे त्याच्यावर अजून अडीच अजिंक्यतारे. पहिल्या दिवशी जिने चढतानासुद्धा दम लागतो. एक रात्र वर झोपून मग उतरा, फिनिक्सवरनं येऊन त्याच दिवशी नको.

बीपी, शुगर असेल तर? वय ६५ आहे.

डॉक्टरांना विचारा आणि नुसतं "ट्रेकला जातोय" म्हणू नका, नीट सांगा की कोरडं ऊन, २,१०० मीटर उंची, आणि उतरून मग चढ. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यांचं काय करायचं हे त्यांनीच ठरवायचं. शुगरवाल्यांनी साखर खिशात ठेवा, बॅगेत नाही. आणि प्रवासाचा विमा काढताना डोंगरातनं सोडवण्याचा खर्च त्यात बसतो का ते वाचा.

कुणी थकलं तर ग्रुपनं काय करायचं? मोबाईल चालतो का?

मोबाईलला रेंज धरूच नका. निवाऱ्यांपाशी इमर्जन्सी फोन आहेत. मदत यायला तास न् तास लागतात, हेलिकॉप्टर काय रिक्षा नाही हात केला की थांबायला. म्हणून ग्रुप तोडायचा नाही, सगळ्यात हळू माणूस पुढं आणि बाकीचे त्याच्या मागं. आपल्याकडं उलटं असतंय, तरणी पोरं पुढं पळतात आणि काका एकटे मागं. कुणी कुरकुर करायचं थांबला, चिडचिड करायला लागला किंवा अडखळायला लागला की सावली, पाणी, खारट खाणं, ओला शर्ट आणि उन्हं उतरेपर्यंत बसणं. अंधार होईल म्हणून घाई नको, बॅटरी असू द्या बॅगेत. बरळायला लागला, शुद्ध हरपायला लागली तर मात्र वाट बघत बसायचं नाही, एकानं त्याच्यापाशी थांबायचं आणि दुसऱ्यानं इमर्जन्सी फोन गाठायचा.

परमिट, तिकीट?

दिवसाच्या दिवसात परत येणाऱ्यांना उतरायचं परमिट लागत नाही. पार्कची एंट्री फी आहे, गाडीमागं ३५ डॉलर, सात दिवस चालते. २०२६ च्या जानेवारीपासनं मात्र परदेशी पाहुण्यांना, सोळा आणि त्यावरच्या वयाच्या माणसामागं १०० डॉलर जादा लावलेत, म्हणजे आजी-आजोबा गेले की दोनशे गेलेच. वर्षाचा पास कधी कधी स्वस्त पडतो, हिशोब करून बघा. ड्रोन न्यायचा नाही, बंदी आहे.

संडासची सोय?

आहे, ब्राईट एंजेलच्या दोन्ही निवाऱ्यांपाशी आणि सीडर रिजला. पाण्याचा नाही, कागद आपला आपण न्या. जास्त विचारू नका.

वाटेत खेचरं येतात म्हणे?

येतात, आणि मान त्यांचा. शंभर वर्षांच्या वर ती तिथं ये-जा करतायत, माणसं आणि सामान दोन्ही नेतात. लांबनं आधी वास येतो, मग धूळ, मग खुरांचा आवाज. वाटेवर त्यांच्या मुताची ओली डबकी असतात, बाजूनं जा. ती आली की डोंगराच्या बाजूला सरकून गप्प उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही, आणि शेवटचं खेचर पुढं जाऊन पुरतं लांब गेल्याशिवाय हलायचं नाही. पुढचा घोडेस्वार सांगेल तसं. हात लावायला, फोटोसाठी पुढं जायला नको, बुजली तर सगळेच खाली.

खारी, साप?

साप मी बघितला नाही, असतात. खारींचा त्रास जास्त, त्या धीट झाल्यात, बॅगेची चेन उघडतात आणि बोट चावतात. भूतदया घरी ठेवा, शेंगदाणा टाकायचा नाही, दंड आहे.

तिथं विष्णूचं आणि शंकराचं देऊळ आहे हे खरं का?

देऊळ नाही, सुळके आहेत. क्लॅरेन्स डटन नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ १८८० च्या सुमारास तिथं फिरत होता, त्याला ते सुळके पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले म्हणून नावं दिली, विष्णू टेंपल, शिव टेंपल. ब्रह्मा टेंपलपण आहे. दरीच्या तळाशी जो काळपट खडक आहे त्यालापण विष्णू शिस्ट म्हणतात, वय १७० कोटी वर्षांच्या वर. आपला सगळा सह्याद्री, अजिंक्यताऱ्याचा काळा पाषाण धरून, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. तिथं तर अगदी वरचा, ज्यावर उभं राहून आपण सेल्फी काढतो तो चुनखडकच २७ कोटींचा. म्हणजे उतरायला सुरुवात केली तीच आपल्या चौपट जुन्या दगडावरनं. पायऱ्यांसारखे थर मात्र लांबनं आपल्या डोंगरांसारखेच दिसतात, बायको म्हणाली हिरवं केलं की जावळी.

हवासुपाई गार्डन्सला जुन्या नकाशात इंडियन गार्डन लिहिलंय, तेच का?

तेच. २०२२ मधे नाव बदललं. तिथं हवासुपाई लोकांची शेती होती, पार्क झाल्यावर त्यांना हलवलं, शेवटच्या माणसाला १९२८ मधे. कोयनेच्या पाण्यात ज्यांची गावं गेली त्यांच्या शेजारी आपण राहतोय, वेगळं काय सांगायचं. बामणोलीवरनं वासोट्याला होडीनं जाताना खाली काय आहे याचा जसा विचार येतो तसा तिथल्या त्या गर्द झाडांखाली येतो म्हणतात, मी अजून तिथवर गेलेलो नाही.

लहान मुलांना न्यावं का?

सात-आठ वर्षांच्या पोराला ऊह-आह पॉईंटपर्यंत, पहाटे. खाली पळतात आणि वर येताना कडेवर घ्या म्हणतात, एवढं धरून ठरवा. कठडे नाहीत, हात सोडायचा नाही.

मला उतरायचंच नाही, नुसतं बघायचंय. चालेल?

उत्तम. काठाकाठानं रिम ट्रेल आहे, बराचसा सपाट, पुष्कळ भाग डांबरी-सिमेंटचा, दमलात की शटलमधे बसा. त्यावर एका टप्प्यात जमिनीत खुणा मारल्यात, एक मीटर चाललं की दहा लाख वर्षं. आमच्या आईला मी हीच वाट सांगितली असती.

थकलो तर खेचरावर बसून वर येता येईल का?

नाही. ती बुकिंगची असतात, आधीच भरलेली. मी विचारलं होतं.

तुमच्या काठ्या उसन्या मिळतील का?

मिळतील. एक जोडी आहे, त्यातल्या एकीचं रबरी टोक कैबाबवर झिजलंय ते राजवाड्यापाशी कुठं मिळालं नाही, छत्रीचं बूच कापून बसवलंय. सध्या शेजाऱ्यांकडं गेलीय, ते दिवाळीनंतर परत येतायत.